नवा कॅमेरा विकून जुना व्यावसायिक कॅमेरा घेताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

हप्त्यांवर घेतलेला नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा विकून टाकावा आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा व्यावसायिक डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) घेऊन बरेचसे पैसे मोकळे करावेत, असा विचार तुमच्या मनात घोळत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हा व्यवहार मी स्वतः केला आहे. मिररलेस विकून मी निकॉन डी७०० घेतला, उरलेल्या पैशांत दोन चांगल्या लेन्स आल्या, आणि ठाण्यातले घरगुती समारंभ, संस्थांचे कार्यक्रम व नाटकांच्या तालमी यांची छायाचित्रे मी आज त्याच कॅमेऱ्याने काढतो. या वाटेवर नेमकी माहिती एका जागी मिळत नाही आणि विक्रेता सांगेल तेच खरे मानावे लागते, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

डी७०० जुलै २००८ मध्ये जाहीर झाला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची (लेन्सविना कॅमेऱ्याची) किंमत सुमारे ३,००० डॉलर होती. त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीर झालेल्या कॅनन ५डी मार्क टूची किंमत सुमारे २,७०० डॉलर होती. आज ही दोन्ही यंत्रे त्या किमतीच्या लहानशा अंशात मिळतात. त्यांचा सेन्सर तेव्हा जेवढा चांगला होता तेवढाच आजही आहे. वय झाले आहे ते शटरचे, रबराचे, बॅटरीचे आणि बाजारातल्या सुट्या भागांच्या साठ्याचे. त्यामुळे जाहिरातीतली किंमत ही केवळ बॉडीची किंमत आहे, कॅमेरा कामाला लागेपर्यंतचा खर्च वेगळा आहे, हे धरूनच पुढचे प्रत्येक पाऊल टाकावे लागते.

१. आधी तुमचे काम कागदावर मांडा

मेगापिक्सेलच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. तुमचे छायाचित्र शेवटी कुठे जाते, तिथून करा. डी७०० चे छायाचित्र ४२५६ गुणिले २८३२ पिक्सेलचे असते. दर इंचाला ३०० पिक्सेल या दराने त्याची साधारण १४ गुणिले साडेनऊ इंचांची छपाई होते, आणि १२ गुणिले १८ इंचांची छपाई केली तरी इंचाला सुमारे २३६ पिक्सेल उरतात, जे भिंतीवर टांगायच्या चित्रासाठी पुरेसे आहेत. लग्नाचा करिझ्मा अल्बम १२ गुणिले ३६ इंचांचा असला, तरी त्या पानावर बहुधा पाच-सहा छायाचित्रे जुळवलेली असतात. संपूर्ण पानभर एकच चित्र तुम्ही वारंवार देत असाल, तर मात्र ५डी मार्क टूचे २१ किंवा निकॉन डी८०० चे ३६ मेगापिक्सेल उपयोगी पडतात. मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या चित्रांसाठी यांपैकी कोणताही कॅमेरा गरजेपेक्षा मोठाच आहे.

यानंतर, काय सोडावे लागणार आहे त्याची यादी करा आणि ती प्रामाणिकपणे वाचा. या कॅमेऱ्यांत डोळ्यावर आपोआप फोकस धरून ठेवण्याची सोय नाही, सेन्सरला स्थिरीकरण नाही, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर नाही. डी७०० मध्ये व्हिडिओ मुळीच नाही. ५डी मार्क टूमध्ये आहे, पण चालत्या माणसावर फोकस आपोआप टिकून राहत नाही. तुमच्या कामाचा निम्मा भाग रील आणि व्हिडिओ असेल, तर इथेच थांबा आणि आहे तोच कॅमेरा सांभाळा.

आवाजाचाही विचार करा, कारण ठाण्यात नाटकाचे छायाचित्रण करणारे बरेच जण आहेत. गडकरी रंगायतनसारख्या सभागृहात शांत प्रसंग चालू असताना डी७०० च्या आरशाचा आवाज पुढच्या चार रांगांना ऐकू जातो. प्रत्यक्ष प्रयोगात छायाचित्रे घ्यायची असतील, तर मंद आवाजाची सोय असलेला ५डी मार्क थ्री घ्या, किंवा छायाचित्रण तालमीपुरतेच ठेवा.

पैसे घेऊन लग्ने करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा प्रश्न कार्डाच्या खाचांचा आहे. डी७०० आणि ५डी मार्क टू या दोघांत एकच कार्ड बसते. मंगलाष्टकांच्या वेळी ते कार्ड बिघडले, तर तो क्षण परत येत नाही. ज्यांना हे काम जबाबदारीने करायचे आहे, त्यांनी दोन खाचा असलेला निकॉन डी३, डी८०० किंवा कॅनन ५डी मार्क थ्री यांच्याकडेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे वाचवलेले पैसे वाचवलेले नसतात.

२. हातातल्या लेन्स जुन्या बॉडीवर बसतात का ते तपासा

नवख्या माणसाचा हिशेब बहुतेक वेळा इथे चुकतो. डीएसएलआरच्या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर चालतात, हे सर्वांना ठाऊक असते; त्यामुळे उलटेही चालत असेल असा समज होतो. ते चालत नाही. निकॉनच्या डीएसएलआरच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्सची बैठक) लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे आणि मिररलेसच्या झेड माउंटमध्ये ते फक्त १६ मिलिमीटर आहे. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफमध्ये ते ४४ आणि मिररलेसच्या आरएफमध्ये २० मिलिमीटर आहे. मिररलेसची लेन्स सेन्सरच्या जितकी जवळ असावी लागते, तितकी जवळ ती आरसा असलेल्या कॅमेऱ्यात बसू शकत नाही. म्हणून झेड किंवा आरएफ लेन्स तुमच्याबरोबर मागे येणार नाहीत. बॉडीबरोबर त्याही विकाव्या लागतील आणि दुसऱ्या घ्याव्या लागतील, हे हिशेबात आधीच धरा.

तुमच्याकडे डीएसएलआरच्याच लेन्स असतील तरी काही अडथळे आहेत. कॅननच्या लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) बॉडीवर बसत नाहीत. निकॉनच्या लहान सेन्सरसाठीच्या डीएक्स लेन्स डी७०० वर बसतात, पण कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि चित्र जेमतेम पाच मेगापिक्सेलचे होते. निकॉनच्या एएफ-पी प्रकारच्या नव्या लेन्सचा ऑटोफोकस डी७०० वर चालत नाही. याउलट एक मोठा फायदाही आहे: डी७०० च्या बॉडीत फोकसची मोटार असल्यामुळे ५० मिलिमीटर एफ १.८डी किंवा ८५ मिलिमीटर एफ १.८डी यांसारख्या जुन्या, स्वस्त आणि उत्तम लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या प्राथमिक श्रेणीतल्या बॉडींवर याच लेन्स हाताने फिरवाव्या लागतात. माझ्या मते जुन्या व्यावसायिक बॉडीकडे वळण्याचे सर्वांत चांगले कारण हेच आहे.

३. मॉडेल निवडताना बॅटरी आणि कार्डापासून सुरुवात करा

सेन्सरची तुलना करण्यात लोक आठवडे घालवतात. मी आधी बॅटरी पाहतो. ५डी मार्क टू, ५डी मार्क थ्री आणि ७डी यांना एलपी-ई६ ही एकच बॅटरी लागते आणि ती सहज मिळते. डी८००, डी७५० आणि डी६०० यांना ईएन-ईएल१५ लागते, तीही मिळते. डी७०० ची ईएन-ईएल३ई बॅटरी डी३०० आणि डी९० यांनाही चालते. तिचे अस्सल नमुने आता शोधावे लागतात, पण इतर कंपन्यांच्या बऱ्या बॅटऱ्या उपलब्ध आहेत. डी३ ची ईएन-ईएल४ए बॅटरी आणि तिचा भला मोठा चार्जर हे मात्र वेगळेच प्रकरण आहे. डी३ चार्जरविना मिळत असेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी चार्जर आणि बॅटरीचा भाव काढल्याशिवाय होकार देऊ नका.

डी७०० आणि ५डी मार्क टू कॉम्पॅक्ट फ्लॅश (सीएफ) कार्डावर चालतात. हे कार्ड लॅपटॉपच्या एसडी खाचेत जात नाही, त्यासाठी वेगळा रीडर घ्यावा लागतो. ५डी मार्क थ्री आणि डी८०० मध्ये एक सीएफ आणि एक एसडी अशा दोन खाचा आहेत. सीएफच्या खाचेत एसडी कार्ड घालण्याचे अडॅप्टर मिळतात, पण कामाच्या वेळी त्यांच्यावर विसंबू नये. १६ किंवा ३२ जीबीची दोन चांगली कार्डे असली की १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ती पुरून उरतात. या लहान फायलींमुळे जुना लॅपटॉप आणि जुनी हार्ड डिस्कही आणखी काही वर्षे काम देतात, आणि ही बचत बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही.

काही मॉडेलांचे जन्मजात दोष माहीत असलेले बरे. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर शटरमधून डाग उडत असत. निकॉनने २०१४ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली, त्यामुळे तो घेताना शटर बदलले आहे का ते विचारा. नसेल तर त्यानंतरचा डी६१० बरा. २००५ च्या पहिल्या कॅनन ५डीचा आरसा कालांतराने गोंद सुटून निखळत असे. २००७ च्या १डी मार्क थ्रीच्या ऑटोफोकसबद्दल भर उन्हातल्या तक्रारी होत्या आणि कॅननने त्यावर दुरुस्ती काढली होती. दुरुस्तीचा कागद नसेल, तर हे तिन्ही नवख्याने टाळावेत.

नवी मुंबईतले पक्षीनिरीक्षक मित्र फ्लेमिंगोंसाठी सल्ला विचारतात, त्यांना मी फुल फ्रेम सुचवत नाही. ऐरोलीच्या खाडीत किंवा नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत पक्षी दूर असतात. तिथे निकॉन डी३००एस किंवा कॅनन ७डी यांचा लहान सेन्सर उपयोगी पडतो, कारण त्याच लेन्समध्ये पक्षी दीडपट किंवा त्याहून थोडा अधिक मोठा दिसतो.

४. पैशांची विभागणी

ठरवलेल्या रकमेचे तीन चतुर्थांशच बॉडीवर खर्च करा. उरलेला चौथा भाग एक नवी बॅटरी, दोन कार्डे, रीडर, सेन्सरची स्वच्छता आणि अनपेक्षित दुरुस्ती यांच्यासाठी बाजूला ठेवा. भाव ठरवण्यासाठी दोन-तीन आठवडे रोज जाहिराती पाहा आणि मॉडेल, शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चालले तो आकडा), सोबतचे सामान व मागितलेली किंमत एका वहीत टिपा. कोणती किंमत वाजवी आहे हे त्या वहीतून आपोआप समजते. विक्रेत्याने सांगितलेल्या ‘चालू भावा’वर अवलंबून राहावे लागत नाही.

५. शोध कुठे घ्यावा

मार्ग तीन आहेत. पहिला, मुंबईत फोर्टचा बाजार: बोराबाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची व दुरुस्तीची दुकाने आहेत. ठाण्याहून थेट सीएसएमटी गाठून पायी जाता येते. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, हे ध्यानात ठेवा. दुकानात किंमत जास्त पडते, पण बिल मिळते, थोड्या दिवसांची हमी मागता येते आणि दोन बॉडी शेजारी ठेवून पाहता येतात. दुसरा, ऑनलाइन जाहिराती. तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला, ओळखीतले छायाचित्रकार. ठाणे आणि नवी मुंबईतले अनेक लग्न-छायाचित्रकार मिररलेसकडे वळले आहेत आणि त्यांच्या कपाटात जुन्या बॉडी पडून आहेत. तुम्ही ज्या लॅबमध्ये छपाई करता, तिथल्या काउंटरवर एकदा विचारून ठेवा.

जाहिरात वाचताना छायाचित्रे नीट पाहा. बॉडीचा तळ, लेन्सची बैठक आणि ग्रिप यांची चित्रे दिलेली नसतील, तर ती मागवा. शटर काउंट सिद्ध करण्यासाठी विक्रेत्याकडून एक मूळ छायाचित्र मागवायचे असेल, तर ते व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने मागवू नका. त्यात छायाचित्राची अंतर्गत माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा.

आपण लष्करात किंवा सुरक्षा दलात आहोत, बदली झाली म्हणून स्वस्तात विकतो आहोत, कॅमेरा कुरियरने पाठवतो, फक्त टोकन पाठवा, असे कोणी म्हणाले तर तिथेच संभाषण थांबवा. कॅमेरा हातात घेऊन पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

६. भेटीला जाताना सोबत न्यायच्या वस्तू

भेट शक्यतो दिवसा आणि विक्रेत्याच्या घरी किंवा स्टुडिओत ठरवा. कॅमेरा कोरड्या पेटीतून निघतो की ओलसर भिंतीला लागून असलेल्या कपाटातून, हे तिथेच समजते. घरी बोलावणे विक्रेत्याला नको असेल, तर खिडकीजवळ मोठे टेबल असलेले शांत उपाहारगृह निवडा. सोबत ओळखीच्या कोणाला तरी न्या.

पिशवीत पुढील वस्तू असाव्यात:

- रिकामे सीएफ किंवा एसडी कार्ड आणि रीडर
- चार्ज केलेला लॅपटॉप, त्यात एक्सिफटूल हे छायाचित्राची अंतर्गत माहिती वाचणारे मोफत साधन
- खात्रीची एक लेन्स, असल्यास
- लहान प्रखर टॉर्च आणि हवेचा रबरी ब्लोअर
- एखादे वर्तमानपत्र आणि फूटपट्टी
- फ्लॅश, असल्यास
- यूएसबी केबल, कारण कॅननचा काउंट वाचायला ती लागते
- विक्रीपावतीचा कोरा मसुदा आणि पेन

७. तपासणी: घाई न करता, याच क्रमाने

बॉडीला बाहेरून पाहताना ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. व्यावसायिकाच्या हातातला कॅमेरा घासलेला असणारच. कोपऱ्यावर खोलगट पोचा, लेन्सच्या बैठकीचे स्क्रू घासलेले किंवा वाकडी बसलेली वरची पट्टी ही मात्र पडल्याची चिन्हे आहेत. निकॉनच्या बॉडीवरचे रबर फुगून सुटलेले असेल तर घाबरू नका, ते बदलता येते. भाव कमी करण्यासाठी तो मुद्दा वापरा. बॅटरीचा कप्पा आणि बाजूची रबरी झाकणे उघडून टॉर्चने आत पाहा. संपर्कांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली, तर पाणी किंवा खारी हवा आत गेली आहे. खाडीकाठच्या या पट्ट्यात ही तपासणी कधीच वगळू नये.

यानंतर कार्डाची खाच. सीएफच्या खाचेत केसासारख्या बारीक ५० पिना असतात आणि कार्ड तिरके घातले की त्या वाकतात. नेरूळमध्ये मी पाहिलेल्या एका ५डी मार्क टूची बॉडी बाहेरून कोरी दिसत होती, शटर काउंटही कमी होता. टॉर्च तिरपी धरून खाचेत पाहिले, तर खालच्या रांगेतली एक पिन शेजारणीला टेकलेली होती. विक्रेत्याचे कार्ड त्यात चालत होते, माझे घातले की कॅमेरा कार्ड नसल्याचे सांगत होता. अशी पिन सरळ करता येते, पण ती तुटली तर पूर्ण खाच बदलावी लागते. मी तो व्यवहार पुढे नेला नाही. म्हणून खाच डोळ्यांनीही पाहा, आणि स्वतःचे कार्ड दोन-तीन वेळा घालून-काढूनही पाहा.

आता शटर काउंट. निकॉनमध्ये नुकत्याच काढलेल्या छायाचित्राच्या अंतर्गत माहितीत हा आकडा असतो आणि एक्सिफटूल तो लगेच दाखवते. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो चित्रात नसतो. केबल जोडून त्यासाठीचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ते घरूनच लॅपटॉपवर घालून न्या. डी७०० आणि ५डी मार्क टूचे शटर १,५०,००० वेळा चालेल अशी चाचणी कंपनीने केलेली आहे, डी८०० चे २,००,००० आणि डी३ चे ३,००,००० वेळा. ही मृत्यूची तारीख नव्हे. एका लग्नात दोन-तीन हजार छायाचित्रे होतात असे धरले, तर दीड लाखाचा टप्पा पन्नास ते पंचाहत्तर लग्नांत येतो, आणि त्यानंतरही कित्येक शटर चालत राहतात. पण १,२०,००० झालेला डी७०० आणि ३०,००० झालेला डी७०० एकाच भावात घेऊ नये. त्याच एक्सिफटूलमध्ये बॉडीचा अनुक्रमांकही दिसतो. तो तळावरच्या, बिलावरच्या आणि खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा.

शटरची प्रत्यक्ष चाचणी दिवसाच्या उजेडात करा. उजळलेल्या साध्या भिंतीची छायाचित्रे १/१०००, १/४००० आणि १/८००० सेकंदाला घ्या. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) व आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बदलून उजेड सारखा ठेवा. चित्राचा वरचा किंवा खालचा भाग काळवंडलेला दिसला, तर शटरचे पडदे बरोबर चालत नाहीत. हीच चाचणी एलईडी दिव्याखाली केली, तर चांगल्या शटरवरही पट्टे येतात, कारण आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर असे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. (या जुन्या कॅमेऱ्यांत त्यावर उपाय करणारी सोय नाही, मंगल कार्यालयात शटर एक पन्नासांश किंवा एक शंभरांश ठेवणे हाच मार्ग आहे.)

सेन्सर पाहण्यासाठी ॲपर्चर एफ १६ करा, आयएसओ सर्वांत कमी ठेवा, फोकस हाताने बिघडवा आणि आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घेऊन लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून पाहा. गोल, धूसर ठिपके म्हणजे धूळ. विक्रेत्याच्या परवानगीने ब्लोअरने हवा मारा आणि पुन्हा चित्र घ्या. ठिपके हलले किंवा गेले तर काळजी नाही. बारीक, धारदार रेघ जागची हलत नसेल, तर तो ओरखडा आहे आणि ती बॉडी घेऊ नये. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ छायाचित्रात येत नाही, तिच्यावरून किंमत पाडता येते, नकार देण्याचे कारण नाही.

ऑटोफोकससाठी वर्तमानपत्र टेबलावर पसरून पंचेचाळीस अंशांच्या कोनातून एका ठळक ओळीवर फोकस करा; फूटपट्टी शेजारी ठेवली तर नेमका किती फरक पडतो ते कळते. फोकस थोडा पुढे-मागे असला तर डी७०० आणि ५डी मार्क टू या दोन्हींत तो मेनूतून सुधारता येतो. पहिल्या ५डीत ही सोय नाही. फोकसचे सगळे बिंदू एकेक करून निवडून पाहा. ५डी मार्क टूमध्ये मुख्य बिंदू नऊच आहेत आणि त्यांतला मधला खरा भरवशाचा आहे, हा दोष नसून त्याची मूळ मर्यादा आहे.

शेवटी प्रत्येक बटण दाबा, दोन्ही चक्रे फिरवा, फ्लॅश लावून दोन चित्रे घ्या, आणि एकदा बटण दाबून धरून सलग वीस-पंचवीस चित्रे काढा. पडद्यावर ‘एरर’ आला आणि विक्रेता ‘कधीतरी येतो, बंद करून चालू केला की जातो’ असे म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा. बॅटरीचे वयही मेनूत दिसते: डी७०० ते शून्य ते चार या मापात दाखवतो आणि शून्य म्हणजे नवी, ५डी मार्क टू तीन खुणांनी दाखवतो.

लेन्सही घेणार असाल, तर ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. दोन-चार धूलिकण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात. बुरशी लागलेली लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका आणि तुमच्या इतर लेन्सबरोबर ठेवू नका.

८. पैसे आणि कागदपत्रे

पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या, म्हणजे व्यवहाराची नोंद राहते. त्याच वेळी पुढील कागद घ्या:

- मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि खोके, जे उपलब्ध असेल ते
- साध्या कागदावर विक्रीपावती: दोघांची नावे व पत्ते, मॉडेल, अनुक्रमांक, शटर काउंट, रक्कम, दिनांक आणि सह्या, ‘हा कॅमेरा माझ्या मालकीचा असून त्यावर कोणाचाही हक्क नाही’ हे वाक्य तीत असावे
- विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि त्या प्रतीवर ‘फक्त या कॅमेऱ्याच्या विक्रीसाठी’ असे लिहून दिनांक. ही काळजी विक्रेत्याच्या हिताची आहे हे त्यांना समजावून सांगा
- झालेल्या दुरुस्त्यांच्या पावत्या

मूळ बिल नसणे हे जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत सर्रास घडते, त्याचा बाऊ करू नका. पण पावती लिहून द्यायला किंवा ओळख दाखवायला नकार मिळत असेल, तर तो कॅमेरा घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे.

९. तुमचा सध्याचा कॅमेरा विकताना

जुना कॅमेरा हाती येऊन तपासला जाईपर्यंत सध्याचा विकू नका. विकताना मेनूतून रीसेट करा, मालकाचे नाव आणि वाय-फायची नोंद पुसा, मोबाइलच्या ॲपमधून कॅमेरा काढून टाका आणि कार्ड स्वतःकडे ठेवा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. खरेदीदार क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ असे सांगत असेल तर तो फसवतो आहे.

१०. घरी आणल्यावर

दुकानाने हमी दिली असेल, तर ती संपायच्या आत कॅमेरा सतत वापरा: उन्हात, रात्री, फ्लॅशसह. पैशांचे काम मात्र लगेच अंगावर घेऊ नका; घरातल्या एखाद्या कार्यक्रमात तो पूर्ण दिवस चालवा आणि एका बॅटरीत किती छायाचित्रे निघतात ते टिपून ठेवा. प्रत्येक लेन्ससाठी वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा करून फोकसची दुरुस्ती कॅमेऱ्यात साठवा. सेन्सरची ओली स्वच्छता पहिल्या वेळी जाणकाराकडूनच करून घ्या.

कॅमेरा कापडी बॅगेत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक एवढ्यावर काम भागते. लेन्स जास्त असतील तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्यावी. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. त्याहून फार खाली नेली तर रबर आणि वंगण सुकते. जून ते सप्टेंबर या काळात मापक आठवड्यातून एकदा पाहा आणि रंग बदललेले सिलिका जेल तापवून पुन्हा वापरा. पावसातून घरी आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात बंद न करता पुसून, बॅटरी व कार्ड काढून, पंख्याखाली तासभर उघडा ठेवा आणि मगच आत ठेवा. महिनाभर कॅमेरा वापरला गेला नाही, तरी एकदा बाहेर काढून सर्व वेगांवर शटर चालवा आणि बॅटरी चार्ज करून ठेवा.